त्रैक्यानंतरचा अठरावा रविवार

मराठी ख्रिस्ती मंडळीची शिरगणती कधीही करावी, फक्त २५ डिसेंबरला करू नये. त्या दिवशी बाकांवर, बाकांमधल्या वाटेत, बाहेरच्या मांडवात आणि मांडवाबाहेर चपलांच्या ढिगातसुद्धा ख्रिस्ती उभे असतात. ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे तो तर येतोच, ज्याच्या फक्त आजोबांचा झाला होता तोही येतो. वर्षभर न दिसलेला मनुष्य नेमका पहिल्या बाकावर जाऊन बसतो, कारण ते बाक कुणाचे हे त्याला ठाऊक नसते. ज्यांचे ते असते त्या मावशी खांबाआड प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि त्याच्या टाळूवर नजर रोखून शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयीचा संदेश ऐकतात.

मोजायचेच असेल तर त्रैक्यानंतरच्या अठराव्या रविवारी मोजावे.

हा कुठला रविवार, असे कुणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. चर्चच्या पंचांगात झाडून सगळे मोठे सण पहिल्या सहामाहीतच उरकलेले असतात. आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, उत्तम शुक्रवार, ईस्टर, स्वर्गारोहण, पन्नासावा दिवस आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्रैक्याचा सण. तिथून नोव्हेंबरअखेरच्या आगमनकाळापर्यंत रविवारांना नुसते नंबर. कॅथलिक बांधवांकडेही तीच गत. त्यांचा सामान्य काळ वर्षातले ३३ किंवा ३४ आठवडे खातो आणि तेवढे आठवडे फादर हिरव्या झग्यात दिसतात. म्हणजे वर्षातला बराच मोठा काळ विशेष काही घडणार नाही, हे चर्चने आधीच छापून दिले आहे. तरी लोक पाळकसाहेबांना गाठून म्हणतात, "हल्ली उपासनेत उत्साह वाटत नाही हो."

उत्साह असतो. फक्त तो तारखा पाहून येतो.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात नाताळफेरी निघते. एक टेम्पो, ढोलकी, पेटी, टाळ आणि एक गिटार. ती भजनाच्या चालीत नेमकी कुठे वाजवायची हे गिटारवाल्याला शेवटपर्यंत कळत नाही. घरोघर गाणे, प्रार्थना, चहा आणि फराळ. फराळ दिवाळीचाच, फक्त दोन महिने उशिरा. पहिल्या घरी गीताची चारही कडवी होतात, पाचव्या घरी दोन, आणि रात्री दीडच्या सुमाराला शेवटच्या घरी धृपद म्हणून आमेन. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि चाळीस वर्षांनी तिथेच वारले. मधल्या काळात त्या इंग्रज माणसाने मराठी शिकून सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते छापूनही घेतले. त्यांच्या वारसांना तिसरे कडवे जड जाते.

मग ३१ डिसेंबरची रात्र. बाराच्या ठोक्याला मंडळी गुडघे टेकते आणि निम्म्याहून अधिक लोक तोच निश्चय करतात: या वर्षी संपूर्ण बायबल वाचून काढायचे. हिशेब सोपा आहे. एकूण अध्याय १,१८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर वर्षाच्या आत काम फत्ते. जानेवारी झकास जातो. उत्पत्तीच्या पुस्तकात भावाभावांची भांडणे आहेत, दुष्काळ आहे, विहिरींवरून तंटे आहेत. नगर जिल्ह्यातल्या वाचकाला गावाकडची खबर आल्याचा आनंद होतो. निर्गमाच्या पूर्वार्धात फारो आहे, पीडा आहेत, समुद्र दुभंगतो. उत्तरार्धात मात्र निवासमंडपाचे काम निघते आणि पडदे किती हात लांब, बाभळीच्या फळ्या किती, कड्या किती याचा तपशील सुरू होतो. इथे फक्त मंडळीतले कंत्राटदार काका रमतात. महिनाअखेरीला लेवीय उजाडते. त्याच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीला चट्टे पडले तर याजकाला बोलावून दाखवावे आणि त्याने घर सात दिवस बंद ठेवावे, असा नियम आहे. वरच्या मजल्यावरच्या गळतीने गांजलेला मुंबईकर इथे पुस्तक मिटून सोसायटीच्या सेक्रेटरीचा विचार करू लागतो, आणि ते पुस्तक पुन्हा उघडत नाही. वाचनखूण पुढच्या ३१ डिसेंबरला जागच्या जागी सापडते. नव्या वर्षी पुन्हा उत्पत्तीपासून श्रीगणेशा, असे म्हणायला हरकत नसेल तर. यामुळे आपल्या मंडळीचे अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांच्याविषयीचे ज्ञान सखोल आहे. हबक्कूक दारात येऊन उभा राहिला तर मात्र त्याला कुरिअरवाला समजून सही देतील.

उपवासकाळात उत्साहाला वैराग्याची जोड मिळते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात; मधले सहा रविवार वजा केले की ४०. ही वजाबाकी शब्बाथ शाळेत नापास झालेल्यालाही तोंडपाठ असते, कारण रविवारी उपवास नाही. कुणी चहा सोडतो आणि कॉफी धरतो. कुणी व्हॉट्सअ‍ॅप सोडतो आणि सोडल्याचे स्टेटस रोज टाकतो. कॅथलिकांकडे शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. हा नियम ज्याने केला तो वसईच्या बाजारात कधी गेला नसावा. सरंग्याचे कालवण, वर तळलेली तुकडी, आणि ताटावर बसलेला मनुष्य गंभीरपणे सांगतो, "आज मटण नाय हां, शुक्रवार हाय."

उत्तम शुक्रवारी बारा ते तीन वधस्तंभावरचे सात उद्गार. सात वक्ते, प्रत्येकी वीस मिनिटे, मध्ये गीते. पहिला वक्ता क्षमेविषयी पस्तीस मिनिटे बोलतो आणि उरलेले सहा जण त्याला क्षमा करण्याचा प्रयत्न करतात. तहानेचा पाचवा उद्गार येईपर्यंत दुपारचे दोन वाजून गेलेले असतात, बाहेर एप्रिलचे ऊन असते, पंखे गरम हवा फिरवत असतात, आणि त्या एका उद्गाराशी अख्खी मंडळी मनापासून एकरूप होते. सातव्या वक्त्याच्या वाट्याला नऊ मिनिटे येतात. त्याचे भाषण सर्वांत चांगले झाले असे सगळे म्हणतात.

ईस्टरला पहाटे चारला उठून लोक उपासनेला येतात. दुपारी मटणाच्या रश्श्यात उपवासकाळ बुडतो. मे महिन्यात मंडळी गावी जाते. जूनमध्ये शाळा, जुलैमध्ये पाऊस, ऑगस्टमध्ये फार पाऊस. आणि मग आपला अठरावा रविवार.

अधूनमधून, सणांची वाट न पाहता, एखाद्याला उत्साहाचा झटका येतो. तरुण मुलगा कुठल्याशा उज्जीवन सभेला जातो आणि पेटून परत येतो. त्याचे पेटणे खरे असते; ते नाकारू नये. त्रास फक्त घरच्यांना आणि पास्टोरेट कमिटीला होतो. पहाटे साडेचारला सगळ्यांच्या फोनवर वचन येऊन पडते. सहाला तो विचारतो, "वाचलंत का?" रविवारी तो पाळकसाहेबांना प्रेमाने सांगतो की मंडळी झोपलेली आहे. "बाळा, तू साडेचारला उठवल्यावर दुसरं काय होणार?" असे पाळकसाहेब म्हणत नाहीत, हा त्यांच्या सेवेतला सर्वांत मोठा विजय. मग तो चोवीस तासांची प्रार्थनासाखळी जाहीर करतो. प्रत्येकाने एक तास. संध्याकाळी सात ते आठ या वेळेसाठी चौदा नावे येतात आणि रात्री तीन ते चार हा तास शेवटी पहिल्या बाकावरच्या मावशींना मिळतो. "मी तशीही जागीच असते," त्या म्हणतात, "गुडघे झोपू देत नाहीत." तिसऱ्या आठवड्यात साखळी तुटते. मावशींचा तास चालू राहतो, कारण साखळी तुटल्याचे त्यांना कुणी कळवलेले नसते.

उज्जीवन मराठी मुलखाला नवे नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे झाले त्याची चर्चा देशोदेशी झाली. मुली रात्र-रात्र प्रार्थना करीत, रडत, गात. त्या घटनेवर आजही प्रवचने होतात. त्यानंतर मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई काय करीत होत्या, यावर कुणी प्रवचन देत नाही, कारण ते ऐकायला फारसे रोमांचक नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक कोश उघडून बायबलचे मराठी भाषांतर करीत बसल्या होत्या. ऐकू कमी येऊ लागले, मुलगी मनोरमा आधी गेली, आणि हे चालूच. १९२२ साली एप्रिलमध्ये त्या वारल्या तेव्हा भाषांतर नुकतेच हातावेगळे झाले होते. म्हणजे ज्या लेवीयात आपण दर फेब्रुवारीत अडकतो त्यातून ही बाई शब्द न् शब्द तपासत पार झाली, चट्ट्यांच्या भिंतींसकट.

उज्जीवन सभेच्या वक्त्यांचा एक आवडता उतारा असतो: प्रकटीकरणातले लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेले पत्र, ज्यात ती ना थंड ना गरम, कोमट आहे म्हणून तिची खरडपट्टी काढली आहे. प्रवचन जोरदार होते. अडचण एकच. जे कोमट असतात ते त्या वेळी घरी असतात. कोमटपणावरची सगळी बोलणी वर्षानुवर्षे आलेल्या लोकांनीच खाल्ली आहेत.

तर आता त्या अठराव्या रविवारी आलेल्यांकडे पाहू. परतीचा पाऊस, आत पंख्याची घरघर, आणि बाकांवर मोजून तीसएक माणसे.

पहिल्या बाकावर मावशी. त्यांचा गाण्याचा वेग स्वतंत्र आहे. मंडळी तिसऱ्या ओळीवर असते तेव्हा त्या दुसरी संपवत असतात आणि सगळे थांबल्यावर आपली शेवटची ओळ निवांत पूर्ण करतात. पाळकसाहेबांनी आता त्यासाठी जागा सोडायची सवय केली आहे.

पेटीवर बसलेले गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या पेटीचा एक सूर गेली कित्येक वर्षे दबलेलाच राहतो, त्यामुळे प्रत्येक गीताला मागे एक अखंड तंबोरा मिळतो. दुरुस्तीचा ठराव कमिटीने दर वार्षिक सभेत मंजूर केलेला आहे. "आता मी सोडणार," असे ते दर वर्षी सांगतात. नव्या मुलांना शिकवायला तयार आहेत, पण मुलांना कीबोर्ड हवा असतो, आणि कीबोर्ड वीज गेली की गप्प बसतो. वीज पावसात जाते. पेटी उरते, आणि पेटीबरोबर ते.

खजिनदारबाई अर्पणाच्या पिशवीतली नाणी मोजतात. पिशवीत येणाऱ्या नोटांची चिकित्सा करून त्यांनी एक सिद्धांत मांडला आहे: फाटकी नोट देवाच्या नावाने चालते असा समज सर्व पंथांत सारखा आहे. सेक्स्टन दरवाजापाशी छत्र्या रचतो, खुर्च्या लावतो, खुर्च्या काढतो आणि उपासना संपायच्या पाच मिनिटे आधी घंटेच्या दोरीपाशी जाऊन खोकतो. तो खोकला पाळकसाहेबांसाठी असतो.

यांतला एकही जण "मला प्रभूसाठी फार उत्साह आहे" असे म्हणताना मी ऐकलेले नाही. ते म्हणतात, "गुडघे दुखतात." ते म्हणतात, "पेटी दुरुस्त करा." ते म्हणतात, "एवढ्या लांब प्रार्थनेची काय गरज होती?" टिकाऊ उत्साह ओळखू येत नाही तो याच कारणाने. तो कुरकुरत येतो. पण दर रविवारी येतो, आणि वेळेच्या दहा मिनिटे आधी येतो.

मोठ्या नावांची कथाही वेगळी नाही. आविलाची संत तेरेसा ही सोळाव्या शतकातली स्पेनची संन्यासिनी. प्रार्थनेविषयी इतके खोल लिहिणारी माणसे थोडी. १९७० साली पोपनी तिला चर्चच्या आचार्यांत बसवले. तिने आत्मचरित्रात कबूल केले आहे की काही वर्षे तिचे लक्ष प्रार्थनेपेक्षा घड्याळाच्या ठोक्याकडे असे: तास संपतो कधी? फरक इतकाच, की तास संपेपर्यंत ती उठत नसे. आपल्याकडे घड्याळ पाहणारे पुष्कळ आहेत. आचार्य व्हायला फक्त पुढची अट पुरी करायची राहिली आहे.

जोडे शिवणारा विल्यम केरी १७९३ साली बंगालमध्ये आला. त्याच्या हातून पहिल्या भारतीय माणसाचा बाप्तिस्मा झाला तो १८०० सालच्या अखेरीस. सात वर्षांत एक माणूस! आजच्या कमिटीने त्याचा अहवाल वाचून पुढच्या महिन्यात बदली केली असती. त्याच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार बाहेर पडला. १८१२ साली त्याच छापखान्याला आग लागून हस्तलिखितांच्या चळती जळाल्या, आणि हा गडी पुन्हा पहिल्या पानापासून बसला. आपल्याबद्दल कुणी लिहिलेच तर हा माणूस रेटत राहणारा होता एवढेच लिहा, असे त्याने पुतण्याला सांगून ठेवले होते.

आणि आपले टिळक-लक्ष्मीबाई. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा उत्साह म्हणजे काय चीज होती, हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला सांगायला नको. मनात आले की निघाले. कुणाची अडचण दिसली की खिसा रिकामा. घरात उद्या काय शिजणार हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या खात्यात. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो पाच वर्षांनी घेतला, सोवळ्या-ओवळ्याशी स्वतः पुरते भांडून झाल्यावर. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले, दहा-अकरा अध्याय झाले, आणि १९१९ साली ते गेले. पुढे ते कुणी पुरे केले? ज्यांना शाळेचे तोंड माहीत नव्हते, ज्यांनी अक्षरे लग्नानंतर नवऱ्याकडून गिरवली, त्या लक्ष्मीबाईंनी. त्यांनी ६४ अध्याय लिहिले. प्रतिभा कुणाची मोठी, हा वाद समीक्षकांनी घालावा. मला अध्यायांची संख्या पुरते. मंडळीत दहा अध्यायांची माणसे लागतात, त्यांच्यावाचून काही सुरूच होत नाही. पण वार्षिक सभेत आभार मानताना चौसष्टवाल्यांचे नाव ‘इतर सर्व’ या सदरात येते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पहिल्या शिष्यांकडूनही फार अपेक्षा ठेवू नयेत. गेथशेमाने बागेत, अगदी शेवटच्या रात्री, प्रभूने थोडा वेळ जागे राहा म्हटले, आणि बरोबर नेलेले तिघेही झोपले. पेत्राने तर त्याच संध्याकाळी सर्वांसमोर उत्साहाचे जाहीर भाषण केले होते. कोंबडा आरवायच्या आत ते तीनदा बाद झाले. आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक दुधी, भोपळे, नारळ, अंडी आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एका वर्षी कुणीतरी जिवंत कोंबडा आणला. खजिनदारबाई मंचावरून, "गेल्या वर्षी ज्यांनी वर्गणीचं वचन दिलं होतं त्यांनी कृपया..." एवढे म्हणाल्या आणि तो आरवला. त्या दिवशी जितकी थकबाकी वसूल झाली तितकी कुठल्या उज्जीवन सभेने केली नाही.

ज्यांना अठराव्या रविवारी येऊनही आपला उत्साह कमी पडतो असे वाटते, त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय काढावा. तो वाचायला लेवीय ओलांडावे लागत नाही. त्रोवस गावी आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे आपल्या रविवारीच, मंडळी जमली होती. पौल दुसऱ्या दिवशी जाणार होता, म्हणून त्याने भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबवले. खोलीत पुष्कळ दिवे, हवा कोंदट. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला होता. त्याला डुलकी लागली, मग गाढ झोप, आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उचलला तेव्हा मेलेला होता. पौल खाली गेला, त्याला कवटाळले, तो जिवंत झाला.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. पुढचे वाक्य लोक घाईत सोडून देतात. पौल पुन्हा वर गेला, भाकर मोडली, आणि पहाट होईपर्यंत बोलत राहिला. एक श्रोता भाषणात मरून उठला, तरी वक्त्याने आवरते घेतले नाही. आणि श्रोत्यांपैकी कुणी "बरं, येतो आम्ही, सकाळी लवकर निघायचंय" म्हणून उठल्याची नोंद नाही. लूक वैद्य होता, त्याने पडलेल्या पोराचा चमत्कार नोंदवला, ते त्याच्या पेशाला धरून झाले. बाकीची मंडळी पहाटेपर्यंत बसून राहिली, हा दुसरा चमत्कार त्याने जाता जाता लिहून टाकला. आणि माझी खात्री आहे, की त्यांतल्या निम्म्या लोकांनी घरी जाताना "फारच लांबलं बुवा आज" असे म्हटले असणार, आणि पुढच्या रविवारी आपापल्या जागा धरायला पुन्हा दहा मिनिटे आधी आले असणार. खिडकीजवळची जागा सोडून.